इंजिन आधी गार होऊ द्या

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

कसारा घाट ज्यांनी जुन्या फियाटमधून पार केला असेल, त्यांना एक दृश्य नक्की आठवत असेल. मे महिन्याची दुपार. चढावर रस्त्याच्या कडेला एक फियाट उभी आहे. बॉनेट वर, आतून वाफेचा लोट. मागच्या सीटवरची मंडळी झाडाची सावली धरून बसलेली, कुणीतरी पोराला वर्तमानपत्रानं वारा घालतंय. आणि ड्रायव्हर हातात ओलं फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाभोवती घिरट्या घालतोय. उघडावं की न उघडावं?

उघडू नये. आत पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की ते एकदम उकळून तोंडावर येतं. घाटातल्या ड्रायव्हर मंडळींपैकी कित्येकांच्या हातावर त्या झाकणाची खूण असायची.

फियाटला घाटात धाप लागायची यात तिला कमीपणा नव्हता. रेल्वेच्या गाडीलासुद्धा कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो लोहमार्गाचा चढ आहे. मोटारीचं दुखणं थोडं वेगळं. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, उष्णता भरपूर तयार होते, पण गाडीचा वेग माणसाच्या धावण्याइतका. त्यामुळे रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. त्यात मे महिना. पुढची ट्रक जाऊ द्यायला म्हणून दोन मिनिटं थांबलात की काटा लाल पट्टीत.

आता ते दिवस राहिले नाहीत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या घाटाचं तोंडही न बघता खाली उतरतात. पण जुन्या गाड्या सांभाळणारी हौशी माणसं आपल्या नाशकातही आहेत. त्यांच्या गाड्या आजही तापतात, आणि तापलेल्या गाडीचं हेड आजही खोलावं लागतं. मी आज त्याच कामाविषयी बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या माणसानं हे बोलावं याचं काही जणांना नवल वाटेल. माझ्या मामूंचं द्वारकेजवळ गॅरेज होतं. बी.ए. करत होतो त्या वर्षांत माझ्या सुट्ट्या तिथंच गेल्या. सगळी द्वारका त्यांना मामूच म्हणायची, त्यामुळे मी त्यांचा सख्खा भाचा आहे हे बऱ्याच गिऱ्हाइकांना माहीतही नव्हतं.

आधी हेड म्हणजे काय ते सांगतो. इंजिनाचा खालचा ठोकळा, ज्यात पिस्टन वरखाली होतात, तो ब्लॉक. त्या चार उघड्या नळकांड्यांवर घट्ट बसवलेलं झाकण म्हणजे हेड. झाकण म्हटलं तरी ते काही डब्याचं झाकण नव्हे. त्यात हवा-पेट्रोल आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे मार्ग असतात, आठ व्हॉल्व्ह असतात, प्लग असतात, आणि या सगळ्याच्या भोवतीनं पाणी खेळत असतं. स्फोट होतो त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या तीस-चाळीस पट जातो. फियाटच्या नळकांड्याचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक स्फोटाला हेड वर उचलायला एक टनाच्या वर जोर लागत असतो. मिनिटाला हजारो वेळा. तो जोर बोल्ट पेलतात. आणि दोन धातूंच्या मधून काही निसटू नये म्हणून एक पातळ पत्रा असतो, तो हेड गॅसकेट. एका अंगाला आग, दुसऱ्या अंगाला पाणी, तिसऱ्या अंगाला तेल, आणि तिघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम.

ही फियाट म्हणजे वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून निघू लागलेली ‘अकराशे’. सत्तरच्या दशकात तिचं नाव ‘पद्मिनी’ झालं, पण लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर बरंच लिहिलं. तिच्या हेडबद्दल कुणी लिहिलं नाही.

हेडबद्दल लिहिण्यासारखं होतं, कारण फियाटचं मर्म तिथंच होतं. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि हेड अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम हलकं, उष्णता लवकर सोडतं, म्हणून घेतलेलं. पण तापल्यावर ते बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हिशोब करून बघा. हेडची लांबी दीड फुटाच्या आतबाहेर. गार इंजिन ऐंशी अंशांनी तापलं, की हेड ब्लॉकपेक्षा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं जास्त लांबू पाहतं. बोल्ट त्याला लांबू देत नाहीत. ही ओढाताण रोजचीच, आणि ती धरून इंजिन बनवलेलं असतं. पाणी संपलं आणि तापमान आणखी शंभर अंशांनी चढलं की मात्र हेड मधोमध पोटात वाकतं. सपाट राहत नाही. गॅसकेटवरचा दाब एका जागी कमी होतो आणि आग तिथून वाट काढते. याला गॅरेजच्या भाषेत ‘गॅसकेट उडाली’ म्हणतात. अॅम्बेसेडरचं हेडही बिडाचंच होतं. ते उचलायला दोन माणसं लागायची, पण वाकायचं कमी.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिनंच बरेच लोक फसतात. पाणी उकळून पार निघून गेलं की तापमानाचा काटा कधीकधी खाली येतो. ज्या ठिकाणी तापमान मोजलं जातं तिथं पाणीच उरलेलं नसतं, नुसती वाफ असते. ड्रायव्हरला वाटतं, चला, गार झाली. आणि तो निघतो.

१९९० च्या मे महिन्यात एक ड्रायव्हर असाच निघाला. नाशिक-मुंबई शेअर टॅक्सी चालवायचा, गाडी स्वतःची, कर्जावर घेतलेली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. घाटनदेवीच्या देवळापाशी पोचेपर्यंत काटा खाली आला, म्हणून त्यांनी देवीला हात जोडले आणि तसेच इगतपुरी, घोटी करत द्वारकेपर्यंत आले. इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. हजारो गाड्यांची इंजिनं मोडणाऱ्या घाटाच्या माथ्यावरच इंजिनं घडतात, याची मामूंना फार गंमत वाटायची.

संध्याकाळी गाडी गॅरेजात आली तेव्हा लंगडत होती. मामूंनी पाना हातात घेतला नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. एक नंबरची काढली, इंजिन आणखी लंगडलं. म्हणजे एक नंबर काम करतोय. चार नंबरचंही तसंच. दोन आणि तीनची काढली तर काही फरकच नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम मेले, याचा अर्थ त्यांच्यामधली गॅसकेटची पट्टी जळाली आहे आणि एकाची हवा दुसऱ्यात जातेय. मग त्यांनी तेलाची काडी काढून बघितली. तेल काळं होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी तेलात उतरलेलं नाही. इंजिन जरा निवल्यावर, कपडा धरून, रेडिएटरचं झाकण आस्ते सैल करून काढलं, हळूहळू पाणी भरलं आणि पुन्हा सेल्फ मारला. पाण्यात बारीक बुडबुडे. म्हणजे थोडी आग पाण्याच्या वाटेलाही लागलेली.

हे सगळं बोल्टला हात लावायच्या आधी. मला त्या वेळी ही चालढकल वाटायची. शेवटी खोलायचंच आहे ना? पण काही गोष्टी बंद इंजिनच सांगतं. खोललेलं इंजिन त्या सांगत नाही. आणि पुष्कळदा खोलायची गरजच नसते. बुडबुडे नाहीत, तेल स्वच्छ, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं, तर दुखणं थर्मोस्टॅटमध्ये किंवा तुंबलेल्या रेडिएटरमध्ये असू शकतं. ते सोडून हेड उतरवणं म्हणजे पोटदुखीला थेट टाके.

मामू म्हणाले, ‘‘अण्णा, गॅसकेट गेली. आज होणार नाही. गाडी रात्रभर गार होऊ द्या.’’ त्यांना एका मय्यतीला मालेगावला जायचं होतं. जाताना मला म्हणाले, ‘‘पानी निकाल, बाजूचं सामान खोल. हेड को हाथ नहीं लगाना. मैं सुबह आता हूँ.’’

अण्णांना दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नाचं भाडं होतं. त्यांनी मला काही म्हटलं नाही. फक्त दोनदा विचारलं, ‘‘उद्या दुपारपर्यंत होईल ना रे?’’ मी वीस वर्षांचा होतो. म्हटलं, होईल.

काम कसं करायचं ते मला माहीत होतं, निदान क्रम माहीत होता. तो तुम्हालाही सांगतो. बॅटरीची तार आधी काढायची. मग पाणी काढायचं, आणि इथे नवशिके हटकून चुकतात. रेडिएटरची तोटी उघडली की सगळं पाणी गेलं असं त्यांना वाटतं. ब्लॉकमधलं पाणी ब्लॉकमध्येच असतं. त्याला वेगळा प्लग असतो, तो खोलला नाही तर हेड उचलताक्षणी ते पाणी सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइल चेंबरमध्ये उतरतं. मग होज पाइप, पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटर, अॅक्सिलरेटरची जोडणी. प्लगच्या वायरींना नंबरच्या चिठ्ठ्या. सायलेन्सरच्या पाइपाचे नट गंजून एकजीव झालेले असतात. त्यांना आदल्या दिवशी तेल पाजून ठेवायचं आणि थोडं पुढे, थोडं मागे असं करत काढायचं. एकाच दिशेनं जोर लावला तर स्टड तुटतो, आणि तुटलेला स्टड काढण्यात जो दिवस जातो त्यात दोन हेडं खोलून होतात.

त्यानंतर टॅपेट कव्हर. ते काढलं की रॉकर दिसतात, आणि त्यांच्याखाली आठ पुशरॉड, काडीसारख्या सळया. खालच्या कॅमशाफ्टची हालचाल वरच्या व्हॉल्व्हपर्यंत याच पोचवतात. रॉकर काढल्यावर त्या हातानं उपसता येतात. आठही दिसायला सारख्या. पण वर्षानुवर्षं एकाच जागी घासून प्रत्येकीचं टोक आपापल्या जोडीदारापुरतं घडलेलं असतं. अदलाबदल झाली की इंजिन खटखटायला लागतं आणि नवीन घासाघीस सुरू होते. मामूंकडे यासाठी द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा असायचा. त्याला आठ भोकं पाडायची, पुढची बाजू कुठली ते खडूनं लिहायचं आणि निघेल तशी सळी त्या त्या भोकात उभी करायची. बोल्टांसाठीही तसाच पुठ्ठा, कारण सगळे बोल्ट एका लांबीचे असतीलच असं नाही. नाशकात द्राक्षाच्या पेट्यांना तोटा नाही. मी आजवर बऱ्याच गॅरेजांत चांगल्यातला चांगला टूलबॉक्स बघितला, पण त्या पुठ्ठ्याहून सोयीचं काही बघितलं नाही.

इथपर्यंत मी सगळं बरोबर केलं. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. अण्णा बाकावर बसलेले. हेड एकटं उरलं होतं. हात लावून बघितला, कोमट होतं. कोमट म्हणजे गारच, असं मी स्वतःला सांगितलं.

हाताला कोमट लागणारं हेड आतून अजून पुरतं निवलेलं नसतं, आणि सगळीकडे सारखं तर नसतंच. बोल्टांनी त्याला जखडून ठेवलेलं असतं तोवर ठीक. मधेच बोल्ट सोडले, की ज्या अंगाला ताण आहे तिकडे ते मोकळं होतं आणि त्याच वाकड्या आकारात निवतं. म्हणून रात्रभर थांबायचं. आणि बोल्ट सोडण्याचाही क्रम असतो. बाहेरच्या टोकांपासून सुरुवात करून गोल गोल आत मधल्या बोल्टांकडे यायचं, तेही एका दमात नाही. पहिल्या फेरीत प्रत्येक बोल्ट पाव फेरा. दुसऱ्या फेरीत आणखी थोडा. दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळे सैल. बसवताना नेमकं उलट, मधून सुरुवात आणि बाहेरच्या टोकांकडे. प्रत्येक बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. एका टोकाचे सगळे सोडले तर दुसऱ्या टोकाच्या बोल्टांवर सगळा भार जातो आणि हेड वाकतं.

मी रेडिएटरकडच्या टोकाचा पहिला बोल्ट पूर्ण काढला. मग त्याच्या शेजारचा. मग पुढचा. सोयीचं होतं.

सगळे बोल्ट निघाले तरी हेड हललं नाही. हे नेहमीचंच. गॅसकेट दोन्ही अंगांना चिकटलेली असते. ज्या गाडीला बोल्टऐवजी स्टड आणि नट असतात, तिथं स्टडभोवती अॅल्युमिनियमचा पांढरा गंज धरतो आणि हेड सळयांत अडकतं. अशा वेळी काय करावं? तेल सोडून वाट बघावी. लाकडाचा ठोकळा ठेवून, जिथं धातू जाड आहे तिथं बाजूनं हलके ठोके द्यावेत. सगळ्यात छान युक्ती मामूंची होती, म्हणजे जुन्या मेस्त्री लोकांची. पेट्रोल आणि करंट तोडलेला असताना प्लग परत बसवायचे, बॅटरी तेवढ्यापुरती जोडायची आणि बोल्ट काढलेल्या इंजिनाला सेल्फ मारायचा. पुशरॉड काढलेल्या असल्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंद असतात. पिस्टन वर येतो, कोंडलेली हवा हेडला खालून ढकलते आणि हेड आपोआप सुटतं. इंजिनानं स्वतःचं झाकण स्वतःच उचललेलं बघायला फार मजा येते. मात्र हात आत ठेवू नका, आणि पेट्रोलची एकही उघडी नळी जवळ नको.

न करायची गोष्ट एकच. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये काहीही घालायचं नाही. पटाशी नाही, पेचकस नाही, पहार तर नाहीच.

मी मोठा पेचकस घातला. वरून हातोडी मारली. ‘टक’ असा आवाज झाला, हेड सुटलं आणि मला इतका आनंद झाला की मी अण्णांकडे वळून हसलो. आम्ही दोघांनी ते उचललं आणि मी ते पालथं, तोंड खाली करून, सिमेंटच्या फरशीवर ठेवलं. तेही चूक. लाकडावर ठेवायचं असतं. सकाळी मामू आले. त्यांनी हेड उलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं. तीन नंबरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत पेचकसाचा ओरखडा गेला होता. नखानं चाचपडायची गरज नव्हती, डोळ्यांनी दिसत होता.

हेड उचलल्यावर त्याचं तोंड आणि गॅसकेट वाचायची असते. जळाली असेल तिथं काळी वाट दिसते. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जात असतं त्याचा पिस्टन इतरांपेक्षा स्वच्छ, धुतल्यासारखा असतो, कारण वाफेनं त्याची काजळी धुऊन निघते. आमच्या गॅसकेटवर दोन आणि तीनच्या मध्ये काळी वाट होती, मामूंनी वायरी काढून सांगितलं होतं तिथंच. मग त्यांनी पोलादी सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी, कर्णावर ठेवून खालून फिलर गेजची पाती घालून बघितली. आमच्याकडे मापं इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे ‘थाउ’त चालायची. दोन-तीन थाउचं पातं गेलं तर चालवून घ्यायचं. त्याच्या वर गेलं तर लेथवर फेसिंग. आमच्या हेडखाली मधोमध दहाचं पातं सहज गेलं. पाव मिलिमीटर.

मामू बराच वेळ ते पातं आत-बाहेर करत राहिले. ती वाकणूक कसाऱ्याची किती आणि माझी किती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. हेड रात्रभर बोल्टांत गार झालं असतं तर सांगता आलं असतं. गाडीनं घाटात काय भोगलं याचा पुरावा मी साडेनऊ वाजता स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता. मामूंनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘गरम था?’’ मी म्हटलं, ‘‘कोमट था.’’

लेथवाल्यानं हेडची जाडी मोजली आणि नकार दिला. आधी दोनदा फेसिंग झालेलं होतं. प्रत्येक वेळी थोडा थर जातो, आतली जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन ठोकायला लागतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. ओरखडा जाईपर्यंत घासलं असतं तर हेडमध्ये काही उरलं नसतं. दुसरं हेड शोधावं लागलं. कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे. तिथून एक सरळ हेड मिळून, एस.टी.नं नाशकाला येऊन, व्हॉल्व्ह घासून बसेपर्यंत नऊ दिवस गेले. लग्नसराईचे नऊ दिवस.

अण्णा रोज यायचे. सकाळी येऊन बाकावर बसायचे, चहा घ्यायचे, दुपारी जायचे. माझ्याशी नेहमीसारखंच बोलायचे. एकदाच म्हणाले, ‘‘हप्ता पाच तारखेला असतो.’’ तेही मामूंना, माझ्याकडे न बघता. हेडचे आणि लेथचे पैसे मामूंनी त्यांच्याकडून घेतले नाहीत. बुडालेल्या भाड्यांचं मात्र कुणी काही करू शकलं नाही.

त्या नऊ दिवसांत मामूंनी मला साफसफाईला बसवलं. त्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. जुन्या गॅसकेटमध्ये तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस भरलेलं असायचं. आम्ही ती कोरडी खरवडायचो, तोंडानं फुंकायचो. आज माहीत आहे की ती धूळ फुप्फुसात बसते आणि कॅन्सरपर्यंत नेते. जुनी गाडी खोलत असाल तर ती ओली करूनच काढा, तोंडाला चांगला मास्क बांधा, हवेचा झोत मारू नका, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. ब्लॉकच्या चारही तोंडांत फडकी कोंबा, म्हणजे कचरा आत पडणार नाही. अॅल्युमिनियमवर पोलादी खरवडणी जपून वापरा, लाकडाची किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी बरी. व्हॉल्व्ह नीट बसलेत का हे बघायचं तर हेड उलटं ठेवून खळग्यात रॉकेल ओतायचं. थोड्या वेळानं पोर्टातून ओल दिसली तर तो व्हॉल्व्ह गळतो. रॉकेल नसेल तर डिझेल चालतं. पेट्रोलनं हे करू नका.

नव्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. तिथं कॅमशाफ्ट हेडमध्येच असतो, त्यामुळे हेड काढायचं म्हणजे टायमिंगचा पट्टा किंवा चेनही सोडावी लागते आणि खुणा चुकल्या तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बऱ्याच इंजिनांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, कारण ते घट्ट करताना कायमचे ताणले जातात. गॅसकेट पोलादाच्या अनेक थरांची असते. पण गार होऊ देणं आणि बाहेरून आत सोडत येणं, हे त्यांनाही लागू आहे.

जोडणी मामूंनी स्वतः केली. नवी गॅसकेट वरची बाजू वर बघून बसवली, बोल्टांच्या भोकांतलं तेल-पाणी पुसून काढलं. भोकात तेल साचलं असेल तर बोल्ट तळाला टेकल्यासारखा वाटतो आणि घट्ट झाल्याचा भास होतो, तर कधी ब्लॉकच तडकतो. मग मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं. त्या काळी द्वारकेच्या बऱ्याच गॅरेजांत टॉर्क रेंच नव्हता, हाताच्या अंदाजानं काम चालायचं. मामूंचा हात सगळ्यांत पक्का होता, आणि तेच एकटे रेंच वापरायचे. पुशरॉड पुठ्ठ्यातून एकेक करत जागच्या जागी गेल्या.

गाडी सुटली तेव्हा मामूंनी अण्णांना सांगितलं की चार-पाचशे किलोमीटरनंतर परत या. तसल्या गॅसकेट चालून-तापून थोड्या दबतात, बोल्ट सैलावतात. इंजिन पूर्ण गार असताना पुन्हा एकदा कसावे लागतात, आणि त्यानंतर टॅपेट लावावे लागतात. पुष्कळ गिऱ्हाइकं परत येत नाहीत. गाडी चालतेय ना, मग कशाला? आणि सहा महिन्यांत तीच गॅसकेट पुन्हा उडते.

अण्णा आले. मुंबईच्या एक जाऊन-येऊन फेरीनंतर, सकाळी सहाला, गाडी रात्रभर गॅरेजच्या दारात उभी करून. मी टॅपेट कव्हर काढलं, रेंच उचलला आणि मधल्या बोल्टाला लावला.

अण्णा बाकावरून उठले. म्हणाले, ‘‘मामू, तुम्हीच करा.’’

मामूंनी माझ्या हातातून रेंच घेतला आणि मला बॅटरी धरायला लावली. एकेक बोल्ट कसला गेला. मधला जेमतेम हलला, कडेचे दोन चांगले अर्धा अंगूळ फिरले. अण्णा माझ्या खांद्यावरून वाकून प्रत्येक बोल्ट मोजत होते.